बेवारस मेमरी

टेमघर म्हटलं की पुणेकरांना धरण आठवतं. ते टेमघर वेगळं, मुळशी तालुक्यातलं. मी राहतो ते टेमघर भिवंडीचं, कल्याण रोडकडचं. आमच्या टेमघरला धरण-बिरण काही नाही, पण पाण्याशी संबंध आहेच. 'स्टेम' हे नाव ठाणे-भाईंदरकडच्या मंडळींनी पाणीकपातीच्या बातमीत नक्की वाचलं असेल. त्यातला 'एस' शहाडचा आणि 'टेम' आमचा! उल्हास नदीचं पाणी शहाडला उचलायचं, टेमघरला शुद्ध करायचं आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर या तीन महापालिकांना आणि जिल्हा परिषदेच्या गावांना वाटायचं, असा हा कारभार. पाणी एक, घेणारे चार. दुरुस्तीसाठी शटडाऊन घेतला की चौघांचीही बोंब. पण निदान एक गोष्ट स्वच्छ आहे: पाइप कोणाचा, टाकी कोणाची, साफसफाई कोणी करायची हे कागदावर ठरलेलं आहे.

कॉम्प्युटरच्या आत मात्र नेमका हाच प्रश्न १९७० च्या दशकापासून भिजत पडलेला आहे. दोन प्रोग्रॅमनी मिळून मेमरीचा एक तुकडा वापरला आणि दोघंही गेले (संपले, क्रॅश झाले, कोणीतरी 'किल' केले), तर तो तुकडा साफ कोणी करायचा? आजचा वीकेंड यावर. विषय रुक्ष वाटेल, पण याच प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरामुळे चालते डेटाबेस धाडकन पडलेत, तेव्हा जरा धीर धरा.

आधी थोडी पार्श्वभूमी. (ज्यांनी इंजिनिअरिंगला 'ओएस'चा पेपर दिलाय त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. ज्यांनी तो दुसऱ्या अटेम्प्टला काढलाय त्यांनी वाचावा :) ) ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोसेसला स्वतःची वेगळी मेमरी देते. शेजारच्या प्रोसेसचं काही दिसत नाही, हात लावता येत नाही. फायदा उघड आहे: एक मेला तर दुसऱ्याला धक्का लागत नाही, आणि मेलेल्याची मेमरी, उघड्या फाइली वगैरे सगळं कर्नल गुपचूप गोळा करून घेतो. प्रोग्रॅम लिहिणारा कितीही आळशी असो, प्रोसेस संपली की घर आपोआप रिकामं. तोटा असा, की दोन प्रोसेसना एकमेकांशी बोलायचं असेल तर मध्ये कर्नल हवा. युनिक्समध्ये १९७३ साली पाइप आला. पाइपमधून डेटा पाठवायचा म्हणजे एकाने कर्नलच्या हातात कॉपी द्यायची आणि दुसऱ्याने कर्नलकडून कॉपी घ्यायची. छोट्या गोष्टींना ठीक. पण डेटा मोठा असेल, तो सारखा लागत असेल आणि घेणारे डझनभर असतील तर ही हमाली परवडत नाही. मग सरळ उपाय: मेमरीचा एकच तुकडा सगळ्यांच्या घरात उघडायचा. हीच शेअर्ड मेमरी.

आता 'आपोआप रिकामं' हा नियम इथे कसा लावायचा? तुकडा कोणा एकाचा नाहीच!

याचं एक जुनं आणि माझ्या मते बरंच शहाणं उत्तर डिजिटल कंपनीच्या व्हीएमएसमध्ये होतं. १९७८ सालची ही सिस्टिम, व्हॅक्स मशीनवर चालणारी. आपल्या पिढीने ती पाहिलेली नाही, पण तिच्या जिवावर आपण गावाला गेलोय. रेल्वेचं संगणकीकृत आरक्षण सुरू झालं ते व्हॅक्स आणि व्हीएमएसवर, आणि पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रं १९९९ पर्यंत एकमेकांना जोडली गेली तीही याच घराण्यातल्या मशीनवर. तर व्हीएमएसमध्ये शेअर्ड मेमरीला 'ग्लोबल सेक्शन' म्हणत आणि तिचे दोन प्रकार होते, तात्पुरती आणि कायमची. तात्पुरती असेल तर शेवटचा वापरणारा गेला की सिस्टिम ती मोडून टाकणार. कायमची असेल तर कोणी वापरत नसलं तरी राहणार, आणि मुद्दाम सांगितल्याशिवाय जाणार नाही. आणि खरी मेख पुढे आहे: कायमची मेमरी बनवायला एक खास परवाना लागायचा. उठला आणि केली, असं चालायचं नाही. म्हणजे जो घाण मागे ठेवू शकतो, त्याला आधी ओळखपत्र दाखवावं लागत होतं.

युनिक्सने हे केलं नाही.

युनिक्सची शेअर्ड मेमरी आली बेल लॅब्सच्या मुख्य ऑफिसातून नाही, तर ओहायोतल्या कोलंबसच्या शाखेतून. तिथली मंडळी टेलिफोन कंपन्यांच्या रोजच्या कारभाराची सॉफ्टवेअर लिहीत. त्यांनी युनिक्सची स्वतःची आवृत्ती केली होती, 'सीबी युनिक्स' नावाची. सेमाफोर, मेसेज आणि शेअर्ड मेमरी हे त्रिकूट तिथलं. त्यांचं जग डोळ्यांसमोर आणा: एक मशीन, एकच काम, सगळे प्रोग्रॅम एकाच टीमचे. मशीन बंद करायचं नाही, पण प्रोग्रॅम येणार-जाणार. अशा ठिकाणी प्रोग्रॅम मेल्यावर मेमरी जिवंत राहणं ही चूक नाही, ती सोय आहे! मेलेला प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाला की त्याला आपला डेटा जागच्या जागी मिळतो.

मग १९८३ साली एटी अँड टीने 'सिस्टिम फाइव्ह' युनिक्स बाजारात आणलं आणि हे त्रिकूट त्यात होतं. एका घरापुरती केलेली सोय अख्ख्या चाळीला लागू झाली. विद्यापीठांत, बँकांत, जिथे एका मशीनवर पन्नास अनोळखी लोक काम करतात तिथेही. नियम तोच: तुकडा केला की तो राहणार. करणारी प्रोसेस गेली तरी राहणार, सगळ्या गेल्या तरी राहणार. कोणीतरी 'काढून टाक' म्हणेपर्यंत किंवा मशीन रीबूट होईपर्यंत. आणि परवाना वगैरे काही नाही, कोणीही करावा.

भिवंडीकराला हे चटकन कळतं. आमच्याकडे गोदामं आणि गाळे किती आहेत ते सांगायला नको. तुम्ही ऑनलाइन मागवलेला मोबाइल बहुतेक आमच्याच तालुक्यातून निघतो. समजा, गाळा भाड्याने घेतला, माल भरला, कुलूप लावलं आणि भाडेकरू गायब. आता आत काय आहे? टाकाऊ चिंध्या, की कोणी उद्या न्यायला येणार असलेला माल? बाहेरून कळत नाही. सिस्टिम फाइव्हमध्ये तर तुकड्याच्या नंबराला अधिकृत नावच 'की' आहे, म्हणजे चावी. ज्याला चावीचा नंबर माहीत आणि परवानगी आहे तो आत येतो. गाळ्याच्या दारावर पाटी मात्र असते: मालक कोण, आकार किती, शेवटचं कोण केव्हा आत आलं, केव्हा बाहेर गेलं, आणि आत्ता आत किती जण आहेत. या शेवटच्या आकड्याचं नाव 'एनअटॅच'. तो लक्षात ठेवा, पुढे तोच हिरो आहे.

ही पाटी वाचायची कमांड म्हणजे आयपीसीएस आणि गाळा पाडायची कमांड म्हणजे आयपीसीआरएम. म्हणजे बघा, युनिक्सवाल्यांनी साफसफाईची जबाबदारी शेवटी ॲडमिनच्या झाडूवर सोडली. रिचर्ड स्टीव्हन्सने १९९२ च्या आपल्या पुस्तकात (तेच, जाडजूड, सगळ्यांच्या डेस्कवर असायचं आणि फार थोड्यांनी पूर्ण वाचलेलं) या घराण्यावर नेमकं बोट ठेवलं होतं: या वस्तू अख्ख्या सिस्टिमच्या मालकीच्या होतात, त्यांच्यावर फाइलसारखा वापरकर्त्यांचा हिशोब चालत नाही आणि फाइलसिस्टिममध्ये त्यांना नावही नाही. याचं वाईट जास्त वाटतं, कारण युनिक्सकडे फाइलींसाठी हा हिशोब पहिल्यापासून होता. फाइल उघडी असताना तुम्ही ती डिलीट केली तर नाव जातं, पण मजकूर राहतो. शेवटच्या वापरणाऱ्याने ती बंद केली की मगच जागा मोकळी होते. इतकी छान युक्ती घरात असताना शेजारच्या खोलीत ती वापरली नाही.

अर्धवट वापरली, असं म्हणू. तुकडा 'काढून टाक' म्हटलं आणि आत कोणी असेल तर तो लगेच पडत नाही. त्याच्यावर फक्त खूण होते आणि शेवटचा बाहेर पडला की तो जातो. यावरून हुशार लोकांनी एक युक्ती काढली: तुकडा करायचा, सगळ्यांनी आत शिरायचं आणि लगेच, जिवंतपणीच, 'काढून टाक' सांगून ठेवायचं! म्हणजे नंतर कसंही मरण आलं तरी मागे काही उरत नाही. लिनक्सवर तर खूण झाल्यावरही तुकड्याचा आयडी माहीत असेल तर आत शिरता येतं, जे दुसऱ्या युनिक्सवर गृहीत धरता येत नाही. स्क्रीनवर चित्रं भराभर काढण्यासाठी एक्स विंडोचे प्रोग्रॅम ही युक्ती वर्षानुवर्षं वापरत आलेत. पण तुकडा करणं आणि खूण करणं यांच्या मधल्या क्षणात प्रोग्रॅम मेला तर? गाळा बेवारस. काही मिलिसेकंदांचीच फट, पण सर्व्हर वर्षभर चालू असेल तर फटी साचतात.

साचल्या की काय होतं ते मी एका ठिकाणी पाहिलंय (ठिकाण जाऊ दे). सर्व्हरवर ॲप्लिकेशन सुरू होईना. एरर काय, तर 'डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही'. डिस्क बघितली तर निम्मी रिकामी. दोन तास सगळे डिस्कच्या मागे! खरं कारण असं, की लिनक्सवर अशा तुकड्यांची मुळातली मर्यादा ४०९६ आहे, आणि ती संपली तरी एररचा मजकूर तोच येतो. मोजले तर बेवारस तुकड्यांनीच सगळा कोटा खाल्लेला. मग तिथल्या एका अनुभवी गृहस्थांनी रात्री चालणारी छोटी स्क्रिप्ट लावली: ज्याच्या पाटीवर 'आत शून्य माणसं' असेल तो गाळा पाडायचा. दिसायला एकदम तर्कशुद्ध. तिसऱ्या रात्री दुसऱ्याच टीमचा बॅच प्रोग्रॅम बोंबलला, कारण तो संध्याकाळी मेमरीत कोष्टकं भरून बाहेर पडायचा आणि पहाटे दुसरा प्रोग्रॅम येऊन ती वाचायचा. मधल्या काळात आत शून्य माणसं! म्हणजे कोलंबसवाल्यांनी ज्यासाठी सोय केली होती तोच वापर. शून्य माणसं म्हणजे कचरा, हे गणित चुकतं. हाच सगळ्या विषयाचा गाभा आहे.

आणि अशा वापराला तुच्छ लेखू नये. मुंबईत १९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजाराची स्क्रीनवरची उलाढाल सुरू झाली, तेव्हा सौद्यांची माहिती सर्व्हरवर मेमरीतल्याच डेटाबेसमध्ये ठेवायची अशी रचना होती, उत्तर झटकन मिळावं म्हणून. अशा कामात भर दुपारी एक प्रोग्रॅम पडला म्हणून सगळी मेमरी कर्नलने 'आपोआप' पुसून टाकली तर कौतुक कोणी करणार नाही.

मायक्रोसॉफ्टने १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये सरळ दुसरं टोक पकडलं. तिथे शेवटचं हँडल बंद झालं की तुकडा गेला. बेवारसचा प्रश्नच नाही, आणि शेवटचा माणूस गेल्यावर डेटा टिकवायची सोयही नाही. टिकवायचं असेल तर फाइलवर ठेवा. (एनटीचा मुख्य शिल्पकार डेव्ह कटलर, आणि व्हीएमएस घडवणाऱ्यांतलाही तोच. म्हणजे हा प्रश्न त्याने आधी एकदा सोडवून पाहिलेला होता.) त्याच वर्षी पोझिक्सने युनिक्ससाठी नवी शेअर्ड मेमरी आणली, जिला फाइलसारखं नाव असतं आणि फाइलसारखंच 'अनलिंक' करता येतं. लिनक्सवर हे तुकडे 'डेव्ह'मधल्या 'एसएचएम' डिरेक्टरीत साध्या फाइलींसारखे दिसतात. हिशोब सुधारला, चावीच्या जागी नाव आलं, पण अनलिंक करायला विसरलात तर तुकडा रीबूटपर्यंत तसाच! डॉकरमध्ये क्रोम चालवताना टॅब का कोसळतात म्हणून ज्यांनी डोकं आपटलंय, त्यांची गाठ याच डिरेक्टरीशी पडलेली असते. कंटेनरला ती मुळात ६४ एमबीचीच मिळते.

अँड्रॉइडवाल्यांनी सिस्टिम फाइव्हचं सगळं त्रिकूटच बाहेर ठेवलं आणि कारण लिहून ठेवलं. फोनवर मेमरी कमी पडली की ॲप मारणं हा तिथला रोजचा रिवाज. मेलेल्या ॲपचे तुकडे मागे राहणार असतील आणि ते उचलायची खात्रीची पद्धत नसेल, तर फोन हळूहळू कचऱ्याने भरणार, आणि एखादं वात्रट ॲप मुद्दाम भरणार. त्यांचा निर्णय मला पटतो. फोन म्हणजे चाळ आहे, कोलंबस नाही.

आता डेटाबेस पडल्याची गोष्ट. २०१४ साली लिनक्सवरच्या सिस्टिम-डी या (लाडक्या म्हणू की नावडत्या?) सॉफ्टवेअरमध्ये 'रिमूव्ह-आयपीसी' नावाची सोय आली. कल्पना चांगली: युजर पूर्णपणे लॉगआउट झाला की त्याच्या मालकीचे सगळे तुकडे आणि सेमाफोर झाडून टाकायचे. गाव स्वच्छ. सिस्टिमचे म्हणून राखीव नंबराचे युजर यातून वगळले होते. पण प्रत्यक्षात ओरॅकल डेटाबेस बहुतेक ठिकाणी साध्या युजरच्या नावाने चालतो. २०१५ च्या शेवटी रेड हॅट ७.२ सोबत ही सोय चालू स्थितीत लोकांच्या सर्व्हरवर पोचली. ॲडमिन त्या युजरने लॉगिन करतो, एक कमांड देतो, लॉगआउट होतो... आणि मागे चालता डेटाबेस कोसळतो! ओरॅकल आणि रेड हॅट दोघांनाही 'ही सोय बंद करा' अशा सूचना काढाव्या लागल्या, आणि पोस्टग्रेसच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये यावर आजही स्वतंत्र इशारा आहे. बारकावा असा, की मेमरीच्या तुकड्याला आत माणसं असताना निदान खूण करून थांबतात. सेमाफोरला तीही सवलत नाही. काढ म्हटलं की गेला, वापरणारे बसले हात चोळत.

मला यात सिस्टिम-डीचा राग येत नाही. साफसफाई व्हायलाच हवी होती. पण 'लॉगआउट झाला' आणि 'काम संपलं' हे एकच धरलं, तिथे घोळ झाला. आपल्या स्क्रिप्टवाल्या गृहस्थांचीच ती मोठी आवृत्ती. लिनक्सच्या कर्नलमध्येही २०११ पासून (३.१ आवृत्ती) असा एक स्विच आहे, की कोणी वापरत नसलेले तुकडे ताबडतोब मोडावेत. तो मुळात बंद ठेवलाय, आणि ते बरोबरच आहे.

गाळा पाडण्याबद्दल इतकं बोललो, पण आतल्या मालाचं काय? प्रोसेस मेली ती कुलूप लावून, अर्ध कोष्टक लिहून. बाकीचे दाराशी ताटकळत. यावर २००६ साली लिनक्समध्ये 'रोबस्ट' म्युटेक्स आला. कुलूप धरून कोणी मेला तर पुढच्याला कर्नल कुलूप देतो आणि सोबत सांगतो, 'आधीचा मालक वारलाय, आतलं तपासून घे.' तपासायचं कसं ते तुमचं तुम्ही बघा! पोस्टग्रेस या भानगडीतच पडत नाही. एक बॅकएंड क्रॅश झाला की त्याची मुख्य प्रोसेस बाकी सगळ्या बॅकएंडना घरी पाठवते, अख्खी शेअर्ड मेमरी नव्याने मांडते आणि डिस्कवरच्या लॉगमधून पुन्हा सुरुवात करते. ज्या मेमरीत मेलेल्याचा हात होता तिच्यावर विश्वास ठेवायचाच नाही. कठोर आहे, पण तुमच्या पगाराचा आकडा त्या मेमरीत असेल तर तुम्हीही हेच म्हणाल.

नवी सॉफ्टवेअर आता बहुतेक बिननावाच्या तुकड्यांकडे वळली आहेत. लिनक्समध्ये २०१४ साली 'मेमएफडी' आलं. नाव नाही, चावी नाही, फक्त फाइलसारखं एक हँडल, जे दुसऱ्या प्रोसेसला सॉकेटमधून द्यायचं. सगळ्यांनी सोडलं की गेलं. चाळीस वर्षं फिरून फाइलीच्या जुन्या युक्तीपाशीच आलो.

पोस्टग्रेसनेही २०१३ च्या ९.३ आवृत्तीत आपली मुख्य मेमरी सिस्टिम फाइव्हमधून काढून साध्या बिननावी मॅपिंगमध्ये नेली. रॉबर्ट हासने केलेला बदल. कारण वेगळंच होतं: लिनक्सवर सिस्टिम फाइव्हच्या एका तुकड्याची मुळातली मर्यादा तेव्हा ३२ एमबी होती, आणि नवा माणूस पोस्टग्रेस लावायला बसला की पहिल्या दिवशी तिथेच अडखळायचा. सगळ्यांना वाटलं, आता जुना त्रास कायमचा गेला. पण आज पोस्टग्रेसच्या लिनक्स सर्व्हरवर आयपीसीएस मारून बघा. सिस्टिम फाइव्हचा एक तुकडा अजून दिसेल, जेमतेम ५६ बाइटचा! तो मुद्दाम ठेवलाय. समजा, मुख्य प्रोसेस कोणीतरी किल केली, पण एखादा बॅकएंड मागे जिवंत राहिला. आता ॲडमिनने घाईघाईत सर्व्हर पुन्हा चालू केला तर दोन टोळ्या एकाच डेटा डिरेक्टरीत लिहू लागतील आणि सगळा डेटा नासेल. लॉक फाइलमधल्या प्रोसेस नंबरावर भरवसा ठेवता येत नाही, कारण तो नंबर असलेली मुख्य प्रोसेस तर मेली आहे. बिननावी मेमरीला 'आत कोण आहे?' असं बाहेरून विचारता येत नाही. पण त्या ५६ बाइटच्या तुकड्याच्या पाटीवर 'एनअटॅच' आहे, आणि तो आकडा कर्नल स्वतः लिहितो. प्रोसेस कशीही मरो, आकडा एकने कमी होणारच. नवा सर्व्हर सुरू होताना आधी ती पाटी वाचतो. शून्य असेल तर जुना गाळा पाडून नवा बांधतो. शून्य नसेल तर 'जुनी शेअर्ड मेमरी अजून वापरात आहे' म्हणून सांगतो आणि सुरू व्हायला साफ नकार देतो.